हलक्या बॅटरीचा किलोचा भाव

वॅगनआर किंवा स्विफ्टसारख्या पेट्रोल गाडीच्या बोनेटखाली जी बॅटरी असते, ती साधारण ३५ अँपिअर-अवरची आणि वजनाला नऊ-दहा किलो. तिच्या जागी बसणारी लिथियमची बॅटरी चार किलोंच्या आसपास भरते. म्हणजे वाचले सहा किलो. शिशाची नवी बॅटरी जुनी परत देऊन चार ते साडेपाच हजारांत घरी येऊन बसवून मिळते. इंजिन सुरू करण्यासाठीच बनवलेली लिथियमची बॅटरी वीस-पंचवीस हजारांच्या खाली भरवशाची मिळणे कठीण. फरक वीस हजार धरला, तर वाचलेल्या प्रत्येक किलोला तीन हजार तीनशे रुपये पडले.

हा किलोचा भाव मनात ठेवूनच दुकानात जावे. कारण विकणारा नेहमी टक्क्यांत बोलतो, ‘साठ टक्के हलकी, सर!’ ते खोटे नसते, पण ते साठ टक्के बॅटरीचे असतात. गाडीच्या वजनात सहा किलो म्हणजे पाऊण टक्कासुद्धा नाही.

मायलेजचा हिशेब आधी उरकून टाकू. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा ठोकताळा असा, की गाडीचे वजन दहा टक्क्यांनी घटले तर इंधनात सहा ते आठ टक्क्यांची बचत होते. नऊशे किलोंच्या गाडीतून सहा किलो काढले, तर ही बचत अर्ध्या टक्क्याच्या आत येते. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणारी आणि लिटरला १८ देणारी गाडी वर्षभरात ६६७ लिटर पेट्रोल पिते. त्यातले वाचणार जेमतेम तीन लिटर. १०५ रुपये दराने तीनशे-सव्वातीनशे रुपये. वीस हजार वसूल व्हायला साठ वर्षे लागतील, आणि तोवर गाडी नातवाच्या नावावरही राहिलेली नसेल. एक्सप्रेसवेवर एकाच गतीने जाणाऱ्याला तर तेवढेही मिळणार नाही, कारण तिथे वजनापेक्षा हवेचा विरोध जास्त खातो.

पिकअपचेही तेच. शंभरचा वेग गाठायला बारा सेकंद घेणाऱ्या गाडीत सहा किलोंनी पडणारा फरक सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा कमी. तो स्टॉपवॉचवाल्याला दिसतो, चालवणाऱ्याला जाणवत नाही. ‘बॅटरी बदलल्यावर गाडी कशी उडतेय बघ’ असे कुणी म्हणाले, तर त्याने त्याच दिवशी टायरमध्ये हवा भरली होती का, तेही विचारावे.

मग हे खूळ आले कुठून? शर्यतींतून. तिथे शेवटचे पाच किलो मिळवायला पहिल्या पन्नासांपेक्षा जास्त पैसे पडतात आणि तरी ते मोजले जातात. रस्त्यावरच्या गाडीसाठी पोर्शने २०१० च्या सुरुवातीपासून ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्सस्टर स्पायडर या मॉडेलांना लिथियमची बॅटरी जादा पैसे घेऊन देऊ केली. वजन सहा किलोंच्या आत, नेहमीच्या बॅटरीपेक्षा दहा किलोंहून जास्त हलकी. जर्मनीत किंमत होती करासह १,९०४ युरो, म्हणजे किलोला एकशे नव्वद युरो! गंमत अशी, की एवढे पैसे मोजणाऱ्याला पोर्श सोबत शिशाची साधी बॅटरीही देत असे, कारण कडाक्याच्या थंडीत लिथियमचा भरवसा नव्हता. ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

एवढी छोटी बॅटरी इंजिन फिरवते तरी कशी, हा प्रश्न रास्त आहे. सेल मारताना लहान पेट्रोल इंजिनाचा स्टार्टर दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो, पण तो दोनच सेकंद. दोनशे अँपिअर गुणिले दोन सेकंद म्हणजे ०.११ अँपिअर-अवर. ३५ च्या बॅटरीतला हा कणभर हिस्सा झाला. इंजिन सुरू करायला साठा लागत नाही, एका झटक्यात भरपूर करंट देण्याची ताकद लागते. शिशाच्या बॅटरीत ही ताकद हवी असेल तर प्लेटा वाढवाव्या लागतात आणि प्लेटा म्हणजे वजन. लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाचा लहानसा संचही ती ताकद देतो. हे रसायन पुढे आणले टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९६-९७ च्या सुमारास. २०१९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता, तो लिथियम बॅटरीवरच्या कामासाठीच. मोबाइलमधल्या लिथियमपेक्षा हे रसायन तापले तरी लवकर भडकत नाही, म्हणून गाडीसाठी फक्त हेच घ्यावे. लेबलवर ‘लायफेपो४’ किंवा ‘एलएफपी’ असे नसेल आणि नुसते ‘लिथियम’ असेल, तर दुकानातून बाहेर पडावे.

लेबलवरचा आकडा

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. आणि ती बेकायदा असतेच असेही नाही. हलक्या बॅटरीवर ‘३६ एएच’ असे ठळक छापलेले असते आणि खाली बारीक अक्षरांत ‘शिशाच्या बॅटरीच्या तुलनेत’. याचा अर्थ, ती ३६ च्या शिशाच्या बॅटरीइतक्या जोराने सेल मारते. आतला खरा साठा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही असू शकतो.

खरा आकडा काढायची पद्धत सोपी आहे. विमान वाहतुकीच्या नियमांमुळे लिथियम बॅटरीच्या केसवर वॅट-अवरचा आकडा छापावा लागतो. त्याला १२.८ ने भागा. १५४ वॅट-अवर लिहिले असेल तर खरी बॅटरी १२ अँपिअर-अवरची. ३८४ असेल तर ३० ची. वॅट-अवर छापलेलेच नसतील, तर बॅटरी काट्यावर ठेवा. या रसायनाच्या तयार बॅटरीत किलोमागे साधारण शंभर वॅट-अवर बसतात, फार तर थोडे जास्त. म्हणजे दोन किलोंच्या डब्यात खरे ४५ अँपिअर-अवर मावणे अशक्य. त्याला पाच किलो तरी लागतील. शिशाच्या बॅटरीत हाच हिशेब किलोमागे चाळीसच्या आसपास येतो. सगळा फरक एवढाच आहे, त्याच्या पलीकडचे जे काही सांगितले जाईल ती जाहिरात.

आता छोट्या साठ्याने बिघडते काय, ते पाहू. गाडी बंद असली तरी आतले घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, कंप्युटर थोडे थोडे खात असतात. धडधाकट गाडीत हे खाणे वीस ते पन्नास मिलिअँपिअर असते. तीस धरा. दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर. १२ च्या बॅटरीतले दहा वापरता येतात असे मानले, तर चौदा दिवसांत ती रिकामी. गणपतीला रेल्वेने कोकणात गेलात आणि गाडी ठाण्याच्या सोसायटीत उभी राहिली, तर परतल्यावर ती सुरू होईलही. पण दिवाळीला जोडून महिनाभर मुलाकडे बंगळुरूला राहिलात, तर नाही. आणि गाडीत पार्किंगमध्येही चित्रण करणारा डॅशकॅम जोडलेला असेल, तर तो एकटाच पाव अँपिअर ओढतो. दिवसाला सहा. म्हणजे शनिवारी सकाळी लावलेली गाडी रविवारी रात्री बंद.

म्हणून रोजच्या गाडीत हलकी बॅटरी बसवायचीच असेल, तर खऱ्या तीस अँपिअर-अवरच्या खाली जाऊ नये. आणि मग ती चार किलोंची होते, दोनची नाही. एक-दीड किलोच्या बॅटऱ्यांचे जे फोटो दाखवतात, त्या ट्रेलरवरून शर्यतीला नेल्या जाणाऱ्या गाडीच्या असतात. शर्यत संपली की तिथे कोणीतरी चार्जर लावून बसलेले असते.

खरेदीआधी आपली गाडी बंद असताना किती खाते, हे मोजून घ्यावे. ऑटो इलेक्ट्रिशियन दोनशे-तीनशे रुपयांत मोजून देतो. गाडी लॉक करून अर्धा तास तरी थांबायला सांगा, कारण आधुनिक गाडीतले कंप्युटर झोपायला वेळ घेतात. लगेच मोजले तर आकडा भलताच येतो आणि नसलेला लीकेज शोधण्याचे बिल मात्र लागते.

बोनेटखालची उष्णता

इकडच्या गाड्यांत बॅटरी बहुतेक वेळा इंजिनाच्या शेजारीच असते. या रसायनाच्या बॅटऱ्यांना उत्पादक साधारण साठ अंशांची मर्यादा घालून देतात. मे महिन्यात अकोला, नागपूर, चंद्रपूरला बाहेरच पंचेचाळीस असते. अशा वेळी ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीच्या बोनेटखाली साठ ओलांडले जातात, त्यात नवल नाही. मग आतले संरक्षक सर्किट, ज्याला सगळे बीएमएस म्हणतात, बॅटरीला वाचवण्यासाठी तिला तोडून टाकू शकते. बॅटरी वाचते, आपण सिग्नलवर अडकतो. त्यात चालत्या गाडीत बॅटरी अशी अचानक सुटली तर अल्टरनेटरचा व्होल्टेज झटका मारतो आणि तो कंप्युटरला मानवत नाही.

उष्णता शिशाच्या बॅटरीलाही मारते. विदर्भात ती पुण्यापेक्षा लवकर संपते, हे तिथल्या कोणत्याही बॅटरीवाल्याला माहीत आहे. पण ती हळूहळू मरते, आठवडाभर आधी सेल जड होऊन सांगते. लिथियम शेवटपर्यंत तडफदार राहते आणि मग एकदम मिटते. अलिबागच्या रस्त्यावर रात्री हा फरक महत्त्वाचा ठरतो.

बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असलेल्या गाड्यांना ही अडचण नाही. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलांत ती मागे असते, आणि २०१४ च्या एम३ आणि एम४ मध्ये तर कंपनीनेच लिथियमची दिली होती. अशी गाडी जुन्या बाजारात स्वस्तात दिसली, तर तिच्या बॅटरीची बदली किंमत आधी विचारावी. त्या पैशांत दुचाकी येते.

थंडीची गोष्ट महाराष्ट्रापुरती संपली असती, पण आपले लोक गाडी घेऊन लेह आणि स्पितीला जातात. शून्याखाली या बॅटरीला चार्ज करू नये, आतल्या लिथियमचा थर जमून ती कायमची दुबळी होते. चांगल्या बीएमएसमध्ये ही काळजी घेतलेली असते, स्वस्तात नसते. सकाळी सेल मारण्याआधी मिनिटभर हेडलाइट लावून ठेवले, तर बॅटरी स्वतःच्याच करंटने थोडी गरम होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला जोर येतो. काझामध्ये पहाटे हे आठवावे.

गाडीला ती चालेल का?

शिशाच्या बॅटरीत सहा कप्पे, पूर्ण भरली की स्थिर स्थितीत १२.६ ते १२.७ व्होल्ट. लिथियम फॉस्फेटचे चार सेल, भरलेली असताना १३.३ च्या आसपास. वरवर किरकोळ दिसणाऱ्या या फरकाने दोन घोळ होतात. पहिला गॅरेजमध्ये. मेकॅनिक मीटर लावतो, १२.८ दिसतात, आणि तो म्हणतो, ‘बॅटरी एकदम फुल आहे, प्रॉब्लेम स्टार्टरचा.’ लिथियमसाठी १२.८ म्हणजे जवळजवळ तळ. मग स्टार्टर उघडला जातो.

दुसरा घोळ गाडीच्या कंप्युटरचा. सिग्नलला आपोआप बंद होऊन क्लच दाबताच सुरू होणाऱ्या गाड्यांत ऋण टर्मिनलवर एक सेन्सर असतो. तो शिशाच्या बॅटरीचे गणित पाठ करून आलेला. लिथियमचे व्होल्टेज बघून तो चक्रावतो. कधी ऑटो-स्टॉप बंद पडते, कधी अल्टरनेटर वाटेल तसे चार्ज करतो. या गाड्यांना मुळात जास्त दमाची ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी लागते, तिच्या जागी छोटी लिथियम घालणे म्हणजे वाद ओढवून घेणे. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड मॉडेलांत तर कंपनीची स्वतःची छोटी लिथियम बॅटरी शिशाच्या बॅटरीच्या जोडीला असतेच. त्या जोडीत तिसऱ्याने पडू नये. डिझेलवाल्यांनीही थांबावे. डिझेल फिरवायला जवळजवळ दुप्पट करंट लागतो, त्या ताकदीची लिथियम बॅटरी मोठी होते आणि किलोचा भाव आणखी चढतो.

साध्या पेट्रोल गाडीत एक मोजणी करून घ्यावी. इंजिन सुरू, गाडी गरम, एसी आणि दिवे आलटून पालटून चालू-बंद करत बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्ट पाहावेत. १३.८ ते १४.६ च्या मध्ये राहिले तर ठीक. १५ च्या वर उडी मारत असेल, तर आधी अल्टरनेटर दाखवा. नव्या गाड्यांत ब्रेक मारताना मुद्दाम जास्त व्होल्ट देणारे अल्टरनेटर असतात, त्यामुळे ही मोजणी उभ्या गाडीत पुरत नाही. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा तीनशे-चारशे रुपयांचा व्होल्टमीटर आठवडाभर लावून ठेवला तर खरे चित्र दिसते.

बिलावर न दिसणारे खर्च

बॅटरीच्या किमतीत काम भागत नाही. लिथियमसाठी वेगळा चार्जर लागतो. घरात जो जुना चार्जर असेल त्यात ‘रिकव्हरी’ किंवा सल्फेट काढण्याची सोय असली, तर तो पंधरा-सोळा व्होल्टपर्यंत चढतो. शिशाला ते औषध, लिथियमला विष. बरा चार्जर चार ते आठ हजारांत येतो. नवी बॅटरी जुन्या ट्रेमध्ये सैल बसते, म्हणून क्लॅम्प आणि पट्टी बनवून घेण्याचे पाचशे ते दीड हजार. आपल्या छोट्या गाड्यांत बॅटरीचे टर्मिनल जपानी मापाचे, बारीक असतात. युरोपीय मापाच्या बॅटरीची टोके जाड. अडॅप्टरचे दोनशे-चारशे. इंजिनाच्या बाजूने उष्णतारोधक कापड लावून घ्यावे, त्याचे पाचशे-हजार. सेन्सरवाल्या गाडीत कंप्युटरमध्ये नव्या बॅटरीची नोंद करावी लागते, त्याचे हजार ते तीन हजार. हे सगळे धरले तर वरचा वीस हजारांचा फरक अठ्ठावीसच्या घरात जातो आणि किलोचा भाव साडेचार हजारांवर.

जुन्या बॅटरीचे पैसेही विसरू नयेत. शिशाच्या बॅटरीचे निम्म्याहून जास्त वजन शिशाचे असते, म्हणून लहान गाडीची मेलेली बॅटरीही पाचशे ते हजार रुपये देऊन जाते. बॅटरी कचऱ्याबाबतचे २०२२ चे नियम लिथियमलाही लागू आहेत आणि ती परत घेण्याची व्यवस्था उत्पादकाने करायची आहे. पण कोपऱ्यावरचा भंगारवाला तिला हात लावत नाही, आणि लावला तर तुम्ही द्यायला नको. करात मात्र आता फरक उरलेला नाही. पूर्वी शिशाच्या बॅटरीवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर १८.

‘आयुष्य तिप्पट’ हा दावाही तपासावा. हजारो सायकलचा जो आकडा सांगतात तो प्रयोगशाळेतला, आणि इंजिन सुरू करणारी बॅटरी सायकलने मरत नाही, उष्णतेने मरते. आठ वर्षांचा हिशेब केला तर शिशाच्या दोन बॅटऱ्या दहा हजारांत होतात. लिथियमची एक आठही वर्षे टिकली, तरी ती महागच पडते. हमीपत्रावर तर जास्तच बारकाईने बघावे. शिशाच्या बॅटरीची हमी तालुक्याच्या गावातही चालते, दुकानदार मीटर लावतो आणि बदलून देतो. लिथियमच्या हमीत ‘बॅटरी स्वखर्चाने आमच्याकडे पाठवा’ असे कलम असले, तर कुरिअरवाले लिथियम घेताना का-कू करतात, हे आधीच जाणून असा.

अमेरिकेतून येणारा भाचा ती बॅगेत घेऊन येईल, ही आशाही सोडावी. तिथे मोठ्या मापाच्या बॅटऱ्या पाचशे ते हजार डॉलरला मिळतात, निवडही भरपूर. पण विमानात सुटी लिथियम बॅटरी शंभर वॅट-अवरपर्यंतच चालते, विमान कंपनीच्या परवानगीने एकशे साठपर्यंत, तीही हातातल्या सामानात. गाडीची बॅटरी तीनशे-चारशेची. विमानतळावर ती काढून घेतील आणि भाचा मामाला बोल लावील.

आणि एक सापळा आपल्याच बाजारातला. सोलर दिव्यांच्या आणि ई-रिक्षांच्या धंद्यामुळे हल्ली बऱ्याच गावांत लिथियमचे संच जोडून देणारे आहेत. ‘बारा व्होल्टचाच आहे, सहा हजारांत देतो’ असे सांगतात. संच खोटा नसतो, पण त्याचा बीएमएस वीस-पन्नास अँपिअरचा असतो. स्टार्टरने दोनशे मागितले की तो पडदा टाकतो. काही जण मग बीएमएसला बगल देऊन सेल थेट जोडतात. ते करून देणाऱ्याकडून गाडीचे दुसरे कोणतेही काम करून घेऊ नये.

ज्याने घ्यावी

घ्यावी अशी माणसे आहेत, थोडी आहेत. ऑटोक्रॉसला किंवा धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतींना जाणारे, ज्यांच्या गाडीतून मागची सीट, स्टेपनी, गालिचे केव्हाच निघालेले आहेत. त्यांना पुढच्या चाकांच्याही पुढे, उंचावर बसलेले सहा किलो खुपतात, कारण वळणावर नाक जड वाटते. त्यांनी पैसे देण्याआधी त्या वर्षाचे नियमपत्रक बघावे, आपल्या वर्गात किमान वजन किती आणि बॅटरीची जागा-जात बदलायची मुभा आहे का ते. आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट नियमांत बॅटरी प्रवाशांच्या भागात हलवायची तर ती कोरड्या प्रकारची हवी आणि पक्क्या चौकटीत जखडलेली हवी, अशी अट असते. किमान वजनाच्या खाली गेलात तर बॅटरीत वाचवलेले किलो लोखंडाची पट्टी लावून परत भरावे लागतील.

दुचाकीवाल्यांचे गणित वेगळे आणि बरेच बरे आहे. तिथे बॅटरी लहान, म्हणून फरकाची रक्कम लहान. आणि दोनशे किलोंच्या मोटरसायकलवर दोन किलो जाणवतात. डुकाटीसारख्या कंपन्या महागड्या मॉडेलांत लिथियम देतात ते उगाच नाही.

बाकीच्यांसाठी स्वस्त किलो भरपूर पडलेले आहेत. स्विफ्टची ३७ लिटरची टाकी पूर्ण भरली तर पेट्रोलचे वजन सत्तावीस किलोंच्या पुढे जाते. शहरात फिरताना अर्धी ठेवली की चौदा किलो फुकटात कमी. डिकी रिकामी करा. तिथे पाण्याचे कॅन, मागच्या वर्षीच्या सहलीची चटई, न वाचलेल्या रद्दीचा गठ्ठा आणि कुणीतरी देवदर्शनाहून आणलेले नारळ, असे दहा-बारा किलो सहज निघतात. छतावरचा कॅरिअर काढला तर वजनापेक्षा हवेचा विरोध कमी होऊन जास्त फायदा होतो. स्टेपनी काढू नका. बारा-तेरा किलो वाचतात खरे, पण आपले रस्ते बघता तो सौदा वाईट आहे. सीएनजीचा संच गाडीत ऐंशी-नव्वद किलोंची भर घालतो. तो बसवलेल्याने बॅटरीच्या सहा किलोंचा विचारच करू नये.

आणि आपल्या शिशाच्या बॅटरीला अगदीच जड म्हणून हिणवायचे कारण नाही. गाड्यांच्या बॅटऱ्यांचे जे भारतीय मानक आहे, आयएस १४२५७, त्याच्या नावातच ‘कमी वजन आणि जास्त क्रँकिंग क्षमता’ असे शब्द आहेत. १८५९ साली गास्तों प्लांतेने ही बॅटरी बनवली, तेव्हापासून तिचे रसायन तेच आहे. वजन मात्र जितके घटवता येईल तितके घटवून झाले आहे.

बसवण्याचा दिवस

हे काम रस्त्याच्या कडेला करू नका. दहाच्या पान्याने ऋण टोक आधी सोडायचे, मग धन, जोडताना उलट. नव्या बॅटरीची धन-ऋण बाजू जुनीशी जुळते का, हे दुकानातच बघा. लेबलवर शेवटी ‘एल’ किंवा ‘आर’ असते ते याचसाठी. उलटी आली तर केबल पोहोचत नाही आणि ताणून जोडलेली केबल बोनेटला घासते. बॅटरी हलवून बघा, मिलिमीटरभरही हलता कामा नये. नवी बॅटरी पूर्ण चार्ज करूनच बसवा. कारण रिकामी लिथियम अल्टरनेटरकडून जमेल तेवढा करंट ओढते, अंतर्गत विरोध कमी असल्यामुळे तिला पोट भरल्याचे कळत नाही, आणि तासभराच्या प्रवासात अल्टरनेटर भाजून निघतो. म्हणूनच उतरलेल्या लिथियमला जंप देऊन लगेच लांबच्या प्रवासाला निघणेही चूक.

आरसीवर बॅटरीची नोंद नसते, त्यामुळे आरटीओकडे जायचे कारण नाही. गाडी कंपनीच्या हमीत असेल तर सर्व्हिस सेंटरला ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. विद्युत बिघाडाचा दावा नाकारायला त्यांना हे निमित्त पुरते. विमा कंपनीलाही एक ओळ कळवून ठेवा, पावती जपा.

जुनी शिशाची बॅटरी चांगली असेल तर ती हजार रुपयांसाठी देऊन टाकू नका. पोर्शवाल्यांना कंपनीकडून जे मिळत होते, ते तुम्ही घरच्या घरी करू शकता. कोरड्या जागी, लाकडी फळीवर ठेवा, दर दोन महिन्यांनी चार्जर लावा. लेहला जाताना ती बसवा, महिनाभर गाडी उभी राहणार असेल तरी तीच बसवा. आणि गाडी विकायची वेळ आली की लिथियम काढून घेऊन तीच परत ठेवा. जुन्या गाड्यांचा दलाल टायर बघतो, किलोमीटर बघतो, हलक्या बॅटरीचे तो एक रुपयाही वाढवून देणार नाही.